थांबाभाऊंनी गाळलेली भेग

आमच्या इमारतीत त्यांना खऱ्या नावानं हाक मारायचा तो फक्त पोस्टमन. बाकी आम्ही सगळे त्यांना थांबाभाऊ म्हणायचो, तेही तोंडावर. नाव मी ठेवलं, आणि त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही. मागच्या अंगणात तीन पायांचा लाकडी स्टँड मांडून हा माणूस चित्र काढत बसायचा, आणि चित्रात जो कुणी येईल त्याला ओरडून सांगायचा, "थांबा! हलू नका!" मग तुमच्या हातात पिळलेली चादर असो, नाहीतर कडेवर रडणारं पोर. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना त्यांनी एकदा नळापाशी वाकलेल्या अवस्थेत वीस मिनिटं थांबवलं. मास्तर सरळ झाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

मी दुसऱ्या मजल्यावर पार्लर चालवायचे. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, आणि इमारतीतल्या यच्चयावत बातम्या. बायका डोकं मागे टेकवतात आणि नळासारख्या वाहायला लागतात. तोंडाला लेप लावला की मगच शांतता. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि निम्मं लेप लावायच्या आधी ऐकलंय.

भाऊ तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मग छापील पाट्या आल्या आणि ब्रश घरी बसला. आठवड्यातून दोन सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची, बाकी वेळ तैलरंग. काढायचे काय, तर नळ, सायकली, वाळत टाकलेले कपडे, मागचा जिना, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं दुकान. मी म्हणायचे, "भाऊ, एखादा डोंगर काढा, नदी काढा, लोक घेतील तरी."

"डोंगर इथून दिसत नाही," भाऊ म्हणायचे.

एवढाच त्यांचा नियम. समोर बसायचं, आणि दिसतं ते काढायचं. फोटोवरून नाही, आठवणीतून तर नाहीच नाही. चार वाजता बसायचे आणि ऊन पाण्याच्या टाकीवरून सरकलं की आवरायचे. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तिथंच, त्याच खिळ्याशेजारी. हो, स्टँडचा पाय कुठं ठेवायचा त्यासाठी त्यांनी जमिनीत खिळे ठोकले होते. आधी पातळ तपकिरी रंगात सगळं मांडून घ्यायचे, मग एक डोळा मिटून, ब्रश हातभर पुढे धरून, खिडकी किती आणि तिच्याखालचा पाइप किती ते मापायचे. पाइपला भिंतीत धरून ठेवणारे लोखंडी पट्टेसुद्धा मोजून काढायचे. चित्र झालं की मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, वेळ आणि हवा. "ढगाळ. पाचनंतर उघडलं." असं.

एकदा मी गॅलरीत कमरेशी फाटलेला गाऊन घालून केस वाळवत होते. चित्रात मी आले, गाऊन आला, भोकही आलं. मी तणतणत खाली गेले.

"भाऊ, एवढं भोक दिसलं, बाई दिसली नाही का त्यात?"

"भोकातून जांभळा परकर दिसत होता, वहिनी. सगळ्या भिंतीवर तेवढाच एक जांभळा. तो कसा सोडू?"

आमचे हे हसून हसून खोकले. मी आठवडाभर दोघांशी बोलले नाही.

तर त्या मागच्या भिंतीला एक भेग होती. सगळ्यांना माहीत होती. म्हणजे घरातल्या एखाद्या जुन्या टेबलाचा पाय आखूड असतो आणि आपण तिथं पुठ्ठा सरकवून जेवत राहतो, तशी माहीत होती. चेअरमन, म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त कारकून, दर सभेत म्हणायचे, "गिलाव्याची आहे, वरवरची." आम्ही माना डोलवायचो आणि चहा प्यायचो.

आता माझी थोरली बहीण. तिच्याविषयी मी लिहायला बसले तर हे लिखाण तिचंच होईल. थोडक्यात सांगते, तिच्या लिफ्टमध्ये आरसा आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे राहायला येणार होती. माझ्या मनात आलं, पुढच्या खोलीत आपल्या इमारतीचं भलंमोठं चित्र लावावं, सोनेरी चौकटीत. भाऊंना विचारलं. ते खुलले. मी म्हटलं पुढून काढा, तर म्हणाले, "पुढून काढली तर नुसती इमारत दिसते वहिनी. मागून काढली की तुम्ही सगळे दिसता."

"बरं, मागून काढा. पण तेवढी भेग गाळा."

"ती आहे."

"आहे म्हणून काय झालं? माझ्या गिऱ्हाइकांच्या सुरकुत्याही आहेत. मी रोज गाळते."

"तुम्ही गाळलेलं संध्याकाळी तोंड धुतलं की परत येतं," भाऊ म्हणाले. "माझं वाळलं की वाळलं."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ. त्याच्या आदल्या वर्षी भाऊंच्या बायकोचं, आमच्या ताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सहा आठवडे त्यांचे केस मी धुतले, अंघोळ मी घातली, आणि कधी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं.

"ताईंचे केस धुताना मी म्हटलं का हो, की हे माझ्या नियमात बसत नाही म्हणून?"

भाऊ ब्रश फडक्याला पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

चित्र आठ दिवसांत झालं. म्हणजे सगळं झालं आणि उजवीकडची एक उभी पट्टी तशीच तपकिरी राहिली. तीन दिवस भाऊ चारला खाली यायचे, त्या पट्टीसमोर बसायचे आणि आवरून वर जायचे. चौथ्या दिवशी त्यांनी तिथं भिंतीचा पिवळा भरला. मागे तारीख टाकली, वेळ टाकली, "स्वच्छ ऊन" लिहिलं. बहीण आली, चित्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "चित्रात बरी दिसते तुझी इमारत." मी त्यावर सहा महिने जगले.

सातव्या महिन्यात शेजारच्या मोकळ्या जागेवर खोदकाम सुरू झालं. मोठी इमारत होणार होती, खाली दोन मजले गाड्यांसाठी. दिवसभर यंत्र घरघरायचं आणि माझ्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींना टकटक करायच्या. गिऱ्हाइकाची भुवई कोरताना मी जीव मुठीत धरून बसायचे. दोन महिन्यांत ती भेग अशी झाली की मास्तरांच्या नातवानं तिच्यात पेन्सिल घातली आणि पेन्सिल आत पडली. मास्तरांच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद होईना. ताईंच्या शिवणयंत्राखालून रिळं आपोआप एका कोपऱ्यात जायला लागली.

मग सभा, आरडाओरडा, अर्ज. बिल्डरचा माणूस येऊन गोड हसून गेला. "भेग जुनी आहे, साहेब. आम्ही खणायच्या आधीपासूनची. नसली तर तसं दाखवा." दाखवलं तर तो भिंत बांधून देणार, पाया भक्कम करून देणार. नाही तर आमचं आम्ही बघायचं. कुणाकडे फोटो आहे का? वाढदिवसांचे होते, बारशांचे होते, बाहेर नेऊन ठेवलेल्या फ्रिजचाही होता. मागच्या भिंतीचा एकाकडेही नव्हता.

आणि चेअरमनांची बायको माझ्याकडे केस रंगवायला आली. डोक्यावर रंग थापलेला, मान खुर्चीवर, समोर भिंतीवर सोनेरी चौकट. ती ताडकन उठली.

"अगं, भेग कुठंय?"

"कुठली भेग?"

"चित्रात गं! नाहीच आहे! तारीख आहे ना मागे? तो लिहितो ना तारीख?"

अर्ध्या तासात सगळी इमारत माझ्या पार्लरमध्ये होती. चेअरमननी चित्र उलटं केलं, तारीख मोठ्यानं वाचली. खोदकामाच्या आधीची. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "थांबाभाऊंसारखा माणूस! गाऊनचं भोक सोडलं नाही, तो भेग सोडेल?" सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. नुसतं तोंडानं. धंद्याची सवय.

मी एकटी वर गेले. ताई यंत्रावर कुणाची तरी पँट आखूड करत होत्या. भाऊ खिडकीशी.

"भाऊ, उद्या पालिकेची इंजिनीअर येतेय. तुम्ही काही बोलू नका. चित्रच बोलेल. तुम्ही नुसते उभे राहा."

"चित्र खोटं बोलेल, वहिनी."

"एकदाच!"

"एकदाच तर खोटं काढलंय."

ताईंनी यंत्र थांबवलं नाही. डोकं खाली ठेवूनच म्हणाल्या, "माझा गुडघा घेऊन मी कुठं जाणार, तेवढं मात्र दोघांनी मिळून ठरवा."

इंजिनीअर आली, माझ्या मुलीएवढी, पायात मोठाले बूट, हातात मोजपट्टी. भेगेत बोटं घालून पाहिली. चेअरमननी चित्र असं पुढे केलं, जणू त्यांनीच काढलंय. तिनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"हे कुणी काढलं?"

"मी," भाऊ म्हणाले.

"इथं बसून? की फोटोवरून?"

"मी फोटोवरून काढत नाही."

चेअरमननी सगळ्यांकडे अशी नजर टाकली की बघा. बिल्डरच्या माणसाचं हसू पातळ झालं.

"म्हणजे या तारखेला ही भेग नव्हती," इंजिनीअर वहीत लिहिता लिहिता म्हणाली.

मी भाऊंकडे पाहिलं. आयुष्यभर ते जे सगळ्यांना सांगत आले ते मी डोळ्यांनी त्यांना सांगितलं. थांबा. हलू नका.

"होती," भाऊ म्हणाले. "मी गाळली."

चेअरमनांच्या हातातली चौकट खाली आली. इंजिनीअरनं विचारलं, "का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हात चुकला," म्हणाले.

ज्या माणसाचा पाइपचा पट्टासुद्धा चुकत नव्हता, तो म्हणाला हात चुकला. आणि मी, जिचं तोंड एरवी बंद होत नाही, उभी राहिले. गळ्यातला टॉवेल नीट करत.

इंजिनीअरनं विचारलं, "या भिंतीची आणखी चित्रं आहेत?" पलंगाखालून, कपाटावरून, दारामागून चौदा निघाली. अकरा वर्षांची. विकली न गेलेली. तिनं ती तारखेनुसार अंगणाच्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवायला लावली. आम्ही सगळे पहिल्यांदाच ती एकत्र बघत होतो. माझा गाऊन तिसऱ्या चित्रात होता, मास्तर पाचव्यात वाकलेले होते. एखाद्या वेगळ्या दिवशी आम्ही किती हसलो असतो.

ती पोरगी पहिल्या चित्रासमोर उकिडवी बसली आणि पाइपचे पट्टे मोजायला लागली. पहिल्या चित्रात भेग खालून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत, केसाएवढी. चौथ्यात तिसऱ्या पट्ट्याच्या वर. आठव्यात माझ्या न्हाणीघराच्या खिडकीला लागलेली. अकराव्यात ती खिडकीच एका बाजूला किंचित झुकलेली, कारण तशी ती दिसत होती आणि भाऊंनी दिसली तशी काढली होती. चौदावं चित्र खोदकामाच्या आधीचंच. त्यात भेग मास्तरांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती.

तिची मोजपट्टी तिनं खिशात ठेवली. "खड्ड्यानं फक्त घाई केली," ती हळू म्हणाली. "इमारत अकरा वर्षं खचतेय. तुमच्यापैकी कुणी बघितलंच नाही?"

भाऊ पहिल्या चित्राकडून शेवटच्याकडे आणि शेवटच्याकडून पहिल्याकडे चालत होते. सवयीनं एक डोळा मिटला होता. मग त्यांनी तो उघडला.

"मी बघत होतो हो," ते म्हणाले. "रोज. मला वाटायचं, एक करडी रेघ आहे. पिवळ्यावर चांगली दिसते."

पंधरा दिवसांत नोटीस आली. राहायला धोकादायक, सगळ्यांनी बाहेर. बिल्डर सुटला. आणि आमच्या लोकांना राग काढायला एक माणूस मिळाला. जिन्यात भाऊ दिसले की बायका पदर आवरून वर जायच्या. कुणीतरी त्यांच्या दाराबाहेर टर्पेंटाइनची बाटली ओतून ठेवली. चेअरमन मला म्हणाले, "एक शब्द बोलला नसता तर काय बिघडलं असतं त्याचं?" मी म्हटलं, "काय करणार, माणूसच तसा." असं म्हटलं मी. लिहून ठेवते आहे, म्हणजे मला नंतर नाकारता येणार नाही.

ताईंना सगळं ठाऊक होतं. एक दिवस भांडी कागदात गुंडाळायला मी गेले तर त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझे केस धुतलेस ना गं, त्याचं झालं हे सगळं. यापुढं माझं मी धुईन."

शेवटच्या दिवशी अंगणात तीन टेम्पो उभे होते. गाद्या, पंखे, देवाचं कपाट, मास्तरांची पुस्तकं. बरोबर चार वाजता भाऊ स्टँड घेऊन खाली आले आणि आपल्या खिळ्यांवर बसले. ताई टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी, पाय लांब करून बसल्या होत्या आणि दुसरीकडे बघत होत्या.

"थांबा! हलू नका!" भाऊ ओरडले.

मास्तर पेटी घेऊन चालले होते. तसेच पुढे गेले. "अकरा वर्षं थांबलो," जाता जाता म्हणाले, "तेवढं पुरे."

कुणीच थांबलं नाही. मी माझा मोठा आरसा छातीशी धरून जिन्यातून बाहेर पडत होते. मी थांबले. ऊन आरशात पडलं आणि त्याचा चौकोन जाऊन नेमका त्या भेगेवर बसला. "वहिनी, जरा डावीकडे," भाऊ म्हणाले. मी जरा डावीकडे झाले. हात भरून आले तरी आरसा धरून राहिले. आमचे हे टेम्पोतून ओरडत होते, "अगं, फुटेल तो! वेड लागलंय का?" ऊन टाकीवरून सरकलं तेव्हा भाऊंनी मान हलवली आणि मी निघाले.

या गोष्टीला आठ महिने झाले. इमारत अजून पडलेली नाही. रिकामी उभी आहे, खिडक्या काढलेल्या. आमचे लोक बाजारात भेटतात तेव्हा हेच बोलतात. "अजून उभी आहे की! काय झालंय तिला?" पडावी असं म्हणवत नाही, आणि उभी आहे तोवर भाऊंना कुणी माफ करणार नाही. मास्तर मुलीकडे एका खोलीत राहतात. चेअरमन गावाबाहेर गेले. भाऊ आणि ताई एका गोदामावरच्या खोलीत आहेत. चढायला बावीस पायऱ्या आहेत, ताई आठवड्यातून एकदा उतरतात.

मी भाड्याच्या जागेत एका खुर्चीवर पार्लर चालवते. ते चित्र इथंही लावलं आहे. गेल्या महिन्यात भाऊंना बोलावलं. रंगाची पेटी घेऊन या म्हटलं. ते आले, वाळले होते, शर्टाला रंगाचा एकही डाग नव्हता. चित्राकडे पाठ करून बसले.

"भाऊ, त्यात भेग घाला. मला ते रोज बघवत नाही."

ते उठले, चित्रापाशी गेले. उजवीकडच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "बघा, सगळी भिंत उन्हात आहे आणि एवढीच जागा मेलेली. कुणी नीट बघितलं असतं तर त्याला कळलं असतं." मग म्हणाले, "आता कुठून घालू? ती त्या दिवसाची भेग होती. आत्ता जाऊन बसलो तरी ती दिसायची नाही."

"अंदाजानं घाला."

"अंदाजानं घातली तर ते दुसरं खोटं."

मी चहा ठेवायला वळले. परत आले तर भाऊंनी चित्र भिंतीवरून काढून गुडघ्यांवर उलटं घेतलं होतं. तारखेखाली पेन्सिलीनं लिहीत होते. मी खांद्यावरून वाचलं. "उजवीकडे भेग होती. गाळली. हात चुकला."

"ते शेवटचं खोडा."

"राहू द्या, वहिनी."

"खोडा म्हणते ना! माझ्या सांगण्यावरून गाळली असं लिहा."

भाऊ थांबले. मी त्यांच्या पेटीतला खोडरबर काढून हातात दिला. त्यांनी दोन शब्द खोडले, फुंकर मारली आणि सावकाश लिहिलं, "दुसऱ्या मजल्यावरच्या पार्लरवालीच्या सांगण्यावरून."

"पार्लरवाली काय? ब्यूटीशियन लिहा. डिप्लोमा आहे माझा."

त्यांनी तेही खोडून लिहिलं. हसले की काय ते मला कळलं नाही. मान खाली होती. चहा न पिताच उठले. ताई एकट्या आहेत म्हणाले.

चित्र मी पुन्हा टांगलेलं नाही. उद्या जिना चढून ताईंकडे नेणार आहे, मागची बाजू वर करून. दार उघडलं तर.